सव्वाचार

काउंटरवर मी दोन पुल्या मांडल्या,
साडेतीन इंची आणि सव्वातीन.
मूळची पावणेचारची त्याच्या ब्यूकमध्येच होती,
बाहेर, सॅगिनॉच्या काळ्या बर्फचिखलात, इंजिन चालू,
आणि आत बर्नाडिन, काच अर्धी खाली करून.

व्हर्लिन हॅडॉकने सव्वातीनची उचलली,
तळहातावर तोलली, लिंबू पारखावं तशी.
"हीच," म्हणाला. मोठ्याने.
तो सगळंच मोठ्याने म्हणतो.

मी माझं नेहमीचं सुरू केलं,
सव्वीस वर्षांचं तोंडपाठ:
पुली जितकी लहान, रोटर तितके बेभान,
हवा जास्त दाबली जाते, दाबली की तापते,
तापली की पेट्रोल वेळेआधीच पेटतं
आणि पिस्टनवर कोणीतरी हातोडी मारत बसतं.
साडेतीनपर्यंत ठीक. भारीतलं पेट्रोल घाल, प्लग बदल.
सव्वातीनला इंटरकूलर हवाच, नाहीतर
जुलैतल्या पहिल्या चढावर इंजिन हातात येईल.

तो माझ्या ओठांकडे बघत होता.
"ताकद कोणाला हवीय, पोरी?
ही जास्त ओरडते ना, तेवढं सांग."

एकतीस वर्षं त्याने दारांचे पत्रे दाबले
प्रेसच्या जबड्याशी उभं राहून.
आधी पक्षी गेले. मग फोनची घंटा,
मग नातीच्या बोलण्यातले स आणि श.
मागच्या नाताळात सुपरचार्जरची शीळ गेली.
पाय दाबतो, गाडी उसळते, पाठ सीटला चिकटते,
आणि सगळं मुकं,
जसा दुकानाच्या काचेतून बघितलेला टीव्ही.

ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती.
मी साडेतीनच्या खोक्यावर पेन्सिलीने लिहिलं:
लहान पुलीने आवाज वाढतो, पण वर चढतो.
तुझे वरचेच गेलेत.

त्याने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
हीटर घरघरत होता,
ती बहुधा त्याला ऐकू येत असावी.

बर्नाडिन आत आली, बूट झटकत.
"छोटी घेतली का?"
मी मान हलवली.
तिने दोन्ही पुल्यांवरून नजर फिरवली,
मनात न भरलेल्या बांगड्यांवरून फिरवावी तशी.
"याहून मोठी नाही मिळत?"

मोठी!
मोठी कोणी मागितली नव्हती आजवर.
पदरचे पैसे घालून
कोण आपली गाडी हळू करून घेतं?

शनिवारी दुकान बंद करून
मी अ‍ॅल्युमिनियमचा गज लेथवर चढवला.
सहा खाचा, सव्वाचार इंच.
पहिली वाकडी गेली, ती भंगारात.
पट्टा लांब लागला, एका जुन्या व्हॅनचा बसला.
हिशेबाने सूर उतरायला हवा होता
काळी पाचवरून काळी चारवर.
हिशेबावर माझा भरवसा होता,
त्याच्या कानांवर नव्हता.

हायवेच्या चढणीला मी मागच्या सीटवर.
त्याने पाय दाबला.
बर्नाडिनने बोट वर केलं: आता.
तीन हजार. चार.
त्याचा जबडा हलायचा थांबला.
चढण संपली, लेनमध्ये शिरायचं तो विसरला,
मागून ट्रकने भोंगा दिला,
आणि व्हर्लिन हॅडॉक
मी ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच
हळू बोलला.
"आहे," म्हणाला. "बारीक आहे. पण आहे."
मला नीट ऐकू आलं नाही,
बर्नाडिनने मागे वळून सांगितलं.

परत आल्यावर विचारलंन,
ताकद किती गेली?
मी दोन्ही हातांची बोटं दोनदा उघडली.
वीस घोडे. कदाचित जास्त.
"चरू देत," म्हणाला, आणि पाकीट काढलं.

तो खोका अजून फळीवर आहे.
परवा एका पोराने उचलून पेन्सिलीचं वाचलं,
हे काय, म्हणाला.
काही नाही, मी म्हटलं, किंमत मागच्या बाजूला आहे.
तुला कोणती?
लहानातली लहान, तो म्हणाला.
आणि मी सुरू केलं,
पुली जितकी लहान...